पाल कोणाशी बोलते? : पालींच्या आवाजाच्या अभ्यासाची प्रस्तावना

मराठी घरात वाढलेल्या माणसाला पालीच्या आवाजाची ओळख करून द्यावी लागत नाही. बोलणे चालू असताना भिंतीवरून 'चुक चुक' ऐकू आले की अनेक घरांत आजी बोटाने जमिनीवर टकटक करून 'कृष्ण कृष्ण' म्हणते. आणि मनात काही काळेबेरे आले की शंकेची पाल चुकचुकली, असे आपण आजही सर्रास लिहितो-बोलतो. इतक्या परिचयाच्या या आवाजाचा पद्धतशीर अभ्यास होतो, त्याला स्वतःचे प्रश्न, प्रयोग आणि वाद आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ही प्रस्तावना त्या अभ्यासाकडे वळू पाहणाऱ्या वाचकासाठी आहे. तो नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकणारा विद्यार्थी असेल, काचेच्या पेटीत परदेशी पाल पाळणारा हौशी असेल किंवा रात्री दिवा मालवल्यावर भिंतीकडे कान लावणारी गृहिणी असेल. तिघांनाही येथे सारखेच काम आहे.

या क्षेत्राचा मूळ प्रश्न एका ओळीत मांडता येतो : पाल बोलते ती कोणाशी? शकुन पाहणारा मानतो की ती आपल्याशी बोलते. पाल पाळणाऱ्यालाही बहुधा तसेच वाटते. माझे म्हणणे असे की पालीचा आवाज हा पालीने पालीला दिलेला असतो, आणि कधी शत्रूला. हे एकदा पक्के ध्यानात घेतले की बाकीचा सारा अभ्यास त्यातून उलगडत जातो. कोणी आवाज दिला, कोणाला दिला, त्याआधी काय घडले आणि त्यानंतर काय घडले, या चार प्रश्नांपलीकडे सुरुवातीला दुसरे काही लागत नाही.

गळ्यातून बोलणारा सरपटणारा प्राणी

सरपटणाऱ्या प्राण्यांत आवाजाची तशी वानवाच आहे. घोरपड आणि घोणस फुत्कारतात, पण तो श्वासाचा आवाज. झाडावरचा सरडा मान डोलावून, जोर काढल्यासारखे अंग वरखाली करून आणि रंग पालटून आपले म्हणणे मांडतो. सापसुरळी तर पाचोळ्यातून सळसळत जाते तेवढाच काय तो तिचा आवाज. पालींचे कुळ या सगळ्यांपेक्षा वेगळे पडते. जगात पालींच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या अनेकींच्या स्वरयंत्रात खऱ्या अर्थाने स्वररज्जू आहेत. फुप्फुसातली हवा या पडद्यांमधून बाहेर पडते, पडदे थरथरतात आणि स्वर उमटतो. माणसाच्या गळ्यात जे घडते त्याच धर्तीचे हे काम आहे. पाल जिभेने टाळूवर टकटक करते, हा समज सार्वत्रिक असला तरी चुकीचा आहे. ट्यूबलाइटच्या उजेडात एखादा नर आवाज देत असेल तर त्याच्या गळ्याकडे आणि कुशीकडे पाहावे. प्रत्येक 'चुक'बरोबर तिथली कातडी हलताना दिसते; जोर फुप्फुसातून येतो आहे हे डोळ्यांनाच कळते.

हा गळा पालीलाच का लाभला? तिचे बहुतेक भाईबंद निशाचर आहेत. सरड्याच्या गळ्याचा लाल रंग उन्हात दूरवरून दिसतो. अंधारात त्याचा उपयोग नाही. शेजाऱ्याला हद्द सांगायची, मादीला आपण येथे आहोत हे कळवायचे आणि हे सारे कडीपाटाच्या दोन तुळयांआड राहून करायचे, तर आवाजासारखे साधन नाही. आवाज कोपऱ्यातून वळतो, फटीतून बाहेर पडतो, आणि देणाऱ्याला आपली जागा सोडावी लागत नाही. अर्थात वास आणि हालचाल यांचाही वापर पाली करतात. जवळ आल्यावर शेपटीची वळवळ आणि जिभेने घेतलेला वास कामाला येतो. आवाज मुख्यतः अंतरावरच्या व्यवहारासाठी असतो.

नागपूरच्या भिंतीवर कोण कोण

नागपूर हे या अभ्यासाला फार सोयीचे शहर आहे. महालातले जुने लाकडी वाडे, सिव्हिल लाइन्समधले उंच छताचे बंगले, धरमपेठेतली काँक्रीटची घरे आणि गावाबाहेर गोरेवाड्याचे जंगल, असे चार प्रकारचे अधिवास काही किलोमीटरांत सापडतात. प्रत्येक ठिकाणी पाल आहे, पण ती एकच पाल नाही.

उत्तर आणि मध्य भारतातल्या घरांतली ठळक पाल म्हणजे हेमिडॅक्टिलस फ्लॅविविरिडिस. ती अंगाने मोठी, कातडी बरीचशी गुळगुळीत आणि पोटाकडून पिवळसर झाक असलेली असते. हिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८३५ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एदुआर्द र्‍युपेल यांनी केले. आग्र्याच्या सेंट जॉन्स कॉलेजात काम करणारे बेनीचरण महेंद्र यांनी १९३० च्या दशकात याच पालीच्या जीवनक्रमावर, शरीररचनेवर आणि प्रजननावर लिहिले. भारतीय माणसाने घरच्या भिंतीवरच्या प्राण्याला संशोधनाचा विषय केल्याचे ते ठळक उदाहरण आहे, आणि नव्या अभ्यासकाने ते वाचायलाच हवे.

दुसरी हेमिडॅक्टिलस फ्रिनेटस. ही लहान चणीची, शेपटीवर बारीक काटेरी दाण्यांच्या रांगा असलेली पाल. जहाजे आणि मालाची खोकी यांच्यासोबत ती आशियातून ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत पोहोचली आहे आणि तिथल्या लोकांनाही तिचा आवाज आता ओळखीचा झाला आहे. तिसरा गट ठिपकेदार, खरखरीत पाठीच्या पालींचा. पूर्वी त्या सगळ्यांना हेमिडॅक्टिलस ब्रुकी म्हणत, आता त्या एका नावाखाली अनेक जाती दडल्या होत्या असे दिसून आले आहे. चौथी झाडांच्या सालीवर राहणारी हेमिडॅक्टिलस लेशेनॉल्टी. कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या खोडावर ती इतकी बेमालूम बसते की आधी आवाज ऐकू येतो आणि मग बॅटरीच्या उजेडात डोळा चमकलेला दिसतो.

म्हणून 'पालीचा आवाज' असे एकवचनी बोलणे अभ्यासकाने पहिल्याच दिवशी सोडावे. आपल्या भिंतीवर यांपैकी कोण आहे हे शेपटी, पाठीवरचे दाणे आणि बोटांखालच्या पट्ट्या पाहून आधी ठरवावे. जातीचे नाव न लिहिता ठेवलेले रेकॉर्डिंग पुढे फारसे उपयोगी पडत नाही.

तीन हाका

घरपालीच्या आवाजांची पहिली नीट विभागणी अमेरिकन संशोधक डेल मार्सेलिनी यांनी केली. हेमिडॅक्टिलस फ्रिनेटसवरचा त्यांचा निबंध १९७४ साली 'हर्पेटोलॉजिका' या नियतकालिकात आला. या क्षेत्रात येणाऱ्याला आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. त्यांनी तीन प्रकारचे आवाज वेगळे केले.

पहिला, एकामागून एक येणाऱ्या टिचक्यांची माळ. आपण ज्याला चुकचुकणे म्हणतो ते हेच. ही हाक मुख्यतः नर देतो. ती कधी येते हे पाहण्यासारखे आहे : किडा गिळल्यावर, विष्ठा टाकल्यावर, झटापट संपल्यावर, मीलनानंतर. म्हणजे काहीतरी उरकल्यावर नर ती देतो आणि आसपासच्या पालींना आपले अस्तित्व व आपली जागा कळवतो. दुसरा आवाज खरखरीचा, बारीक आणि सलग. दोन नर अगदी जवळ येऊन भिडण्याच्या बेतात असताना तो निघतो. तो हळू असतो, कारण ऐकणारा वीतभर अंतरावर असतो. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही आणि म्हणून बहुतेकांच्या कानावर जन्मभर पडत नाही. तिसरा एकच तीव्र चीत्कार. मांजराने किंवा माणसाने पकडल्यावर पाल तो काढते.

या तिन्ही आवाजांत ऐकणारा बदलतो. माळेसारखी हाक दूरच्या शेजाऱ्याला, खरखर समोरच्या प्रतिस्पर्ध्याला आणि चीत्कार शिकाऱ्याला उद्देशून असतो. अंतर बदलले, ऐकणारा बदलला की आवाजाची घडणही बदलते. हे तत्त्व पालींपुरते नाही. पण ते समजून घ्यायला घरची भिंत पुरेशी आहे.

जगाच्या इतर भागांतल्या पालींनी या तत्त्वात भर घातली आहे. आफ्रिकेच्या कालाहारी आणि नामिबच्या वाळूत टेनोपस गॅरुलस नावाची छोटी पाल राहते. सूर्य मावळताना शेकडो नर आपापल्या बिळाच्या तोंडाशी बसून एकाच वेळी टकटकू लागतात. टोबी हिबिट्स, मार्टिन व्हाइटिंग आणि डेव्ही स्टुअर्ट-फॉक्स यांनी २००७ मध्ये दाखवले की मोठ्या अंगाच्या नराचा आवाज खालच्या पट्टीतला असतो. शेजारी न पाहताही त्याच्या आकाराचा अंदाज घेऊ शकतो आणि भांडायचे की माघार घ्यायची हे ठरवू शकतो. ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंत आढळणारी टोके पाल तर आवाजाच्या जोरावरच प्रसिद्ध आहे. तिच्या हाकेत आधी घोगरी खडखड येते आणि मग दोन स्वरांची 'टो-के' ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा येते.

कान कसा ऐकतो

बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा अभ्यास महत्त्वाचा आहे, आणि पालीचा कान ही या क्षेत्रातली सर्वांत विलक्षण गोष्ट आहे. पालीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना कानाची भोके असतात आणि आत पडदा. दोन्ही पडद्यांच्या मागची पोकळी घशातून एकमेकींना मोकळेपणाने जोडलेली असते. एका कानावर उजेड पाडला तर तो डोक्यातून पलीकडच्या कानातून थोडासा दिसतो. परिणाम असा की आवाज प्रत्येक पडद्यावर बाहेरून पडतो आणि पलीकडच्या कानातून फिरून आतूनही येऊन पोहोचतो. दोन्ही दाबांच्या फरकाने पडदा कमीजास्त हलतो. याकोब क्रिस्टेन्सेन-डाल्सगार्ड आणि जेफ्री मॅनली यांनी २००५ मध्ये मोजमापे घेऊन दाखवले की या रचनेमुळे सरडे आणि पाली यांचा कान आवाजाची दिशा ओळखण्यात कमालीचा तरबेज आहे. माणसाचे डोके मोठे असल्याने दोन्ही कानांपर्यंत आवाज पोहोचण्यात वेळेचा फरक पडतो आणि आपण दिशा ओळखतो. बोटभर डोक्याच्या पालीला तो फरक पुरेसा मिळणार नाही. तिने डोक्याची पोकळीच कामाला लावली.

२०२४ मध्ये मेरिलँड विद्यापीठातले दावेई हान आणि कॅथरिन कार यांनी यात आणखी एक दालन उघडले. तोल सांभाळणारा समजला जाणारा आतल्या कानाचा एक भाग, सॅक्यूल, टोके पालीत सुमारे ५० ते २०० हर्ट्झच्या कंपनांनाही प्रतिसाद देतो, असे त्यांना आढळले. भिंत, फांदी किंवा जमीन यांतून येणारी थरथर पाल कदाचित अशी 'ऐकत' असेल. घरपाल ज्या पृष्ठभागाला बोटांनी चिकटून असते तोच तिचा कान होऊ शकतो, ही शक्यता आपल्या भिंतीवरच्या निरीक्षणांना नवा अर्थ देते. आपण दार आपटतो, खलबत्त्यात कुटतो, तेव्हा तिच्यापर्यंत काय काय पोहोचते?

कूलर आणि थंडी

येथे नागपूरचा उन्हाळा कामाला येतो. मार्च संपत आला की घरोघरी कूलर निघतात, वुडवूल किंवा खसाच्या नव्या ताट्या लागतात आणि पुढचे तीन महिने रात्रंदिवस पंख्याचा व पाण्याच्या पंपाचा घरघराट चालू राहतो. त्याच काळात खिडकीतल्या कूलरच्या ओलसर चौकटीत किडे जमतात आणि किड्यांमागे पाली येतात. म्हणजे पालीची सर्वांत चांगली शिकारीची जागा आणि घरातली सर्वांत गोंगाटाची जागा एकच असते.

गोंगाटात पाल काय करते? जर्मनीतल्या माक्स प्लांक पक्षिशास्त्र संस्थेतले हेन्रिक ब्रुम आणि स्यू अ‍ॅन झोलिंगर यांनी २०१७ मध्ये टोके पालींवर प्रयोग केला. माणूस आणि पक्षी गोंगाटात आवाज चढवतात. टोके पालींनी तसे केले नाही. त्यांनी हाकेतले छोटे स्वर लांबवले आणि हाकेतले जे घटक मुळातच मोठे असतात त्यांचा वापर वाढवला. दुसऱ्या शब्दांत, त्यांनी घसा न ताणता रचना बदलली. नागपूरच्या घरपाली कूलरशेजारी काय करतात, टिचक्या वाढवतात की लांबवतात की गप्प बसून पंखा बंद व्हायची वाट पाहतात, हे एखाद्या विद्यार्थ्याने एप्रिल ते जून या काळात कूलर चालू व बंद असताना रेकॉर्डिंग करून तपासण्यासारखे आहे. पर्यावरणाच्या अभ्यासाची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८ पासून याच शहरात आहे. शहराच्या गोंगाटाची मोजणी नागपूरला नवी नाही. त्या गोंगाटात माणसाखेरीज आणखी कोण राहते, एवढाच प्रश्न जोडायचा आहे.

दुसरा मुद्दा तापमानाचा. पाल थंड रक्ताची आहे. तिच्या स्नायूंचा वेग भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असतो आणि गळ्याचे स्नायूही त्याला अपवाद नाहीत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर २०१८ मध्ये तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एवढा मोठा पल्ला एकाच भिंतीवर, एकाच जातीला अनुभवायला मिळतो. टिचक्यांमधले अंतर कोजागरीच्या रात्री किती आणि संक्रांतीच्या आसपास किती, हे मोजायला महागडे उपकरण लागत नाही. खोलीतला साधा थर्मामीटर आणि फोन पुरतो. मात्र प्रत्येक नोंदीसोबत तापमान लिहिण्याची शिस्त लागते.

पाळलेली पाल काय सांगते

गेल्या काही वर्षांत भारतातल्या शहरांत परदेशी पाली पाळण्याची हौस वाढली आहे, आणि या क्षेत्राकडे येणारे अनेक तरुण त्या वाटेने येतात. त्यांचे स्वागत करताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पेटीत एकट्या ठेवलेल्या पालीकडून माणसाला बहुधा बचावाचेच आवाज ऐकू येतात. ती माणसाच्या हातात असताना जे बोलते ते हाताला उद्देशून असते.

सर्वाधिक पाळली जाणारी लेपर्ड गेको, म्हणजे युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस, हिचे मूळ घर पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि लगतचा कोरडा प्रदेश. तिला पापण्या आहेत, बोटांखाली चिकटणाऱ्या पट्ट्या नाहीत. ती जमिनीवर चालते. अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले जवळ बोट नेले तरी तोंड वासून, अंग ताठ करून कर्कश किंचाळतात. मोठी झालेली पाल सहसा गप्प असते. डिवचली किंवा अचानक उचलली तर टकटक करते. अनेक पाळणारे हे 'बोलणे' म्हणून आवडीने रेकॉर्ड करतात. त्या आवाजाचा अर्थ एवढाच असतो की मला सोडा. न्यू कॅलेडोनियातली क्रेस्टेड गेको नामशेष झाली असे समजले जात होते. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली आणि आज जगभर पेट्यांमध्ये वाढवली जाते. तीही घाबरल्यावर भुंकल्यासारखा छोटा आवाज काढते. एकाच पेटीत नर व मादी असतील तर मात्र तिचे हळू टिचकण्याचे आवाज ऐकू येतात, आणि तिथे आपण पहिल्यांदा पालीचे पालीशी चाललेले बोलणे ऐकत असतो.

याच युब्लेफॅरिस वंशाची एक नातेवाईक आपल्याच शेजारी आहे. झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सातपुड्यातून युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही जात शास्त्राला नव्याने सांगितली. दुकानातल्या पेटीत शोधल्या जाणाऱ्या पालीची चुलत बहीण नागपूरच्या उत्तरेकडच्या डोंगरांत मोकळी फिरते आहे, हे कळल्यावर अभ्यासाची दिशा आपोआप जंगलाकडे वळायला हवी.

टोके पालीची गोष्ट अधिक गंभीर आहे. तिच्यापासून असाध्य रोगांवर औषध होते अशा खोट्या समजुतीपायी ईशान्य भारतात तिची तस्करी चालते. २०१९ मध्ये तिचा समावेश वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि सायटीसच्या यादीतल्या परदेशी प्राण्यांची परिवेश पोर्टलवर नोंदणी करणे २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले. आवाजाचा अभ्यासक जंगलातून पाल पकडून आणत नाही. त्याला त्याची गरजही नसते. ऐकण्यासाठी पालीला हात लावावा लागत नाही.

शकुनापासून नोंदीपर्यंत

आपल्या परंपरेने पालीकडे दुर्लक्ष केले असे कोणी म्हणू नये. मराठी पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक असते; पाल अंगावर कुठे पडली यावरून फळ सांगितलेले असते. दक्षिणेत पालीच्या आवाजाची दिशा आणि वार पाहून अर्थ लावण्याचे शास्त्र आहे, आणि कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात सोन्याच्या व चांदीच्या पालींना भाविक स्पर्श करतात. बंगालमध्ये बोलताना टिकटिकी वाजली की बोललेले खरे ठरले असे मानतात, आणि त्यामागे खना या विदुषीची कथा सांगतात.

या साऱ्यात लक्ष आहे. वेळ, दिशा, जागा, आवाजाची संख्या, हे सगळे या लोकांनी ध्यानात घेतले. आजच्या नोंदवहीत नेमके हेच रकाने असतात. उणीव एकाच रकान्याची होती : पालीसमोर दुसरी पाल होती का? हा रकाना जोडला की शकुनाची वही निरीक्षणाची वही होते. म्हणून या अभ्यासात येणाऱ्याने घरातल्या वडीलधाऱ्यांची थट्टा करू नये. पाल कोणत्या भिंतीवर, साधारण किती वाजता बोलते, हे त्यांना विचारावे. पुष्कळदा ते अचूक सांगतात.

विदर्भाला तर रानाचे ऐकून घेण्याची मोठी परंपरा आहे. वनाधिकारी म्हणून आयुष्य काढलेल्या आणि निवृत्तीनंतर दीर्घकाळ नागपुरात राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी पक्षी, प्राणी आणि झाडे यांची नावे व सवयी गोंड, माडिया, पारधी माणसांकडून टिपून घेतल्या. मराठी वाचकाला त्यांनी शिकवले की जंगलाचे ज्ञान आधी कानाने आणि मग पुस्तकाने मिळते. पालींच्या बाबतीत तेच काम घरात बसून करता येते.

कामाला सुरुवात कशी करावी

या शास्त्रात पाऊल टाकणाऱ्याने एक खोली, एक भिंत आणि शक्य तर एकच पाल निवडावी. पाल ओळखण्यासाठी ठिपक्यांची मांडणी किंवा शेपटीचा तुकडा पडून नव्याने उगवलेला भाग उपयोगी पडतो. नव्या शेपटीचा पोत आणि रंग जुन्यापेक्षा वेगळा असतो. फोनने रेकॉर्डिंग करायचे तर शक्यतो वेव्ह प्रकारची फाइल ठेवावी आणि गोंगाट आपोआप गाळणारी सोय बंद करावी. ती सोय माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली असते आणि पालीच्या टिचक्याच कधीकधी गोंगाट समजून पुसून टाकते. ऑडॅसिटी किंवा कॉर्नेल विद्यापीठाचे रेव्हन लाइट हे मोफत प्रोग्राम आवाजाचे चित्र, म्हणजे स्पेक्ट्रोग्राम, काढून देतात. त्यात आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर वारंवारता दिसते. कानाला सलग वाटणारी माळ तिथे सुट्या उभ्या रेघांत फुटते, रेघा मोजता येतात आणि दोन रेघांमधले अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वाचता येते.

त्याहून मोलाची आहे आजूबाजूची नोंद. हाकेच्या आधीच्या मिनिटात पालीने काय केले आणि नंतरच्या मिनिटात दुसऱ्या पालीने काय केले, हे लिहिलेले नसेल तर सर्वांत स्वच्छ रेकॉर्डिंगही मुके राहते. पाल गप्प होती ती मिनिटेही लिहावीत, नाहीतर ती किती वेळा बोलते हे कधीच सांगता येणार नाही. आवाज मिळवण्यासाठी पालीला पकडू नये, झाडूने डिवचू नये. तसा मिळवलेला आवाज फक्त भीतीचा असतो आणि भीतीबद्दल आपल्याला पुरेसे ठाऊक आहे.

वाचनाची वाटही आखून ठेवावी. माल्कम स्मिथ यांचा ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील सरड्या-पालींचा खंड १९३५ चा आहे. नावे बदलली असली तरी वर्णने आजही उपयोगी आहेत. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेले जे. सी. डॅनियल यांचे भारतीय सरपटणाऱ्या प्राण्यांवरील पुस्तक नवशिक्याला धीर देते. त्यानंतर मार्सेलिनी वाचावेत. महाराष्ट्रात वरद गिरी, ईशान अगरवाल, अक्षय खांडेकर आणि त्यांच्या बरोबरीच्या संशोधकांनी गेल्या दोन दशकांत पालींच्या कितीतरी नव्या जाती शास्त्रासमोर आणल्या. हे काम शरीररचना आणि डीएनए यांच्या आधारे झाले. बेडकांच्या बाबतीत नर कसा ओरडतो हे जात ओळखण्याचे मान्य साधन आहे. एकाच नावाखाली दडलेल्या ठिपकेदार घरपालींच्या बाबतीत आवाजाची मदत कितपत होईल, हा या क्षेत्रापुढचा खरा मोठा प्रश्न आहे. त्यासाठी गावोगावची, जातवार, तापमान नोंदलेली रेकॉर्डिंग हवी आहेत, आणि ती एखाद्या प्रयोगशाळेला एकटीने जमवता येणार नाहीत. रामटेकच्या शाळेतला शिक्षक, उमरेडचा शेतकरी, नागपूरच्या रेल्वे क्वार्टरमधली विद्यार्थिनी यांनी आपापल्या भिंतीवरून ती दिली तरच नकाशा भरेल.

पालीच्या बोलण्यात आपल्यासाठी निरोप नाही हे मान्य केल्याने तिचे महत्त्व कमी होत नाही. उलट, आपल्या छताखाली आपल्याला वगळून एक सबंध समाज हद्दी आखतो, भांडतो, जोड्या जमवतो, आणि त्याची बोलणी आपण फुकट ऐकू शकतो, ही या अभ्यासाने दिलेली मोठी देणगी आहे. प्राणिशास्त्राची पदवी असो वा नसो, ज्याच्या वहीत हाकेआधीचे आणि हाकेनंतरचे मिनिट लिहिलेले आहे तो या कामात सामील झाला असे मी समजतो, आणि त्याचे मनापासून स्वागत करतो.